पेडलचा अर्धा इंच

ब्रेक लागत नाही म्हणून जो गॅरेजला येतो, तो घाबरलेला असतो. गाडी दारात लावतो, किल्ली हातात देतो आणि ‘लागू देत किती दिवस लागायचे ते’ म्हणून चालत घरी जातो. ब्रेक सुटत नाही म्हणून येणारा माणूस वेगळा. तो वैतागलेला असतो. माझ्याकडे येण्याआधी त्याने दोन-तीन ठिकाणी पैसे घातलेले असतात आणि गाडी माझ्या दारात पोचते तेव्हा हटकून बरी चालत असते. जरा वेळ उभी राहिली की ड्रम गार होतात, चाकं मोकळी होतात, आणि आजार सांगायला मालकाचं तोंड तेवढं उरतं.

जुन्या जीपची कामं करणाऱ्याला सातारा-सांगलीत गिऱ्हाइकांचा तोटा नाही. कोयनेचं धरण, पाटबंधारे, वनखातं, सहकारी साखर कारखान्यांची शेती खाती, सगळ्यांकडे एके काळी जीपच होती. खात्यातून निघालेली गाडी लिलावात यायची, ती कुणी बागायतदार घ्यायचा. मग ती वडापला, म्हणजे खासगी सीटवारी वाहतुकीला, लागायची. पुढे वडापला कमांडर आणि ट्रॅक्स आल्या आणि आखूड जीपा मळ्यातल्या आंब्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. आता त्या नातवंडांनी बाहेर काढल्यात. आजोबांची जीप म्हणून लग्नाच्या वरातीत, नाहीतर सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलं बघायला. ज्या गाडीने कधी काळी उसाच्या फडात चिखल तुडवला, तिच्या बॉनेटवर आता पोरं बसून फोटो काढतात. माझी तक्रार नाही, माझं पोट त्यावर चालतं.

मी काम शिकलो सांगलीला, माधवनगर रोडच्या एका शेडमध्ये. आमचे वस्ताद फौजेतून आलेले, गाड्यांच्या वर्कशॉपात आयुष्य गेलेले. सांगलीला ते शेवटपर्यंत ‘दक्षिण सातारा’ म्हणायचे. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर-दक्षिण दोन जिल्हे झाले आणि १९६० साली दक्षिणेचं नाव सांगली झालं, हे त्यांच्या कानावर कधी पडलंच नसावं असं वाटायचं. ब्रेकचं काम झालं की बाकीचे मिस्त्री गाडी पळवून करकचून ब्रेक मारून बघत. वस्ताद गाडी घोडीवरच ठेवायचे. आम्हा पोरांपैकी एकाला पेडलवर बसवायचे, स्वतः चाक हाताने फिरवायचे. ‘दाब’ म्हणाले की दाबायचं, ‘सोड’ म्हणाले की सोडायचं, आणि सोडल्या क्षणी चाक परत हाताला मोकळं लागलं पाहिजे. जरा जरी जड लागलं तरी ड्रम परत उतरवायला लावायचे. आम्हाला ते फौजी खूळ वाटायचं.

शिराळ्याकडचे एक अण्णा त्यांची जीप घेऊन आले ती विलीज घराण्यातली, उंच बॉनेटची, सीजे-३बी. ही गाडी अमेरिकेत १९५३ साली निघाली आणि १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे महिंद्रांनी ती त्यानंतरही कितीतरी वर्षं काढली. हरिकेन इंजिन उंचीला जास्त, म्हणून बॉनेट वर चढवलेलं. अण्णांच्या वडिलांनी घेतलेली, त्यांनी मोठ्या हौसेने नवी करून घेतलेली. बॉडी नवी, रंग मूळचा ऑलिव्ह, हुडाचं कापडसुद्धा जुन्या वळणाचं. चारी चाकांना नऊ इंची ड्रम, नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर, नवे होज पाइप, नवा मास्टर सिलिंडर. सगळं नवं आणि आजार मात्र कायम.

आजार असा की सकाळी गाडी झकास. पेठ नाक्याला हायवेला लागली, कराड आलं, गर्दीत चार ब्रेक मारले, तरी ठीक. उंब्रजच्या पुढे ॲक्सिलरेटर जास्त द्यावा लागायला लागला. साताऱ्यात शिरेपर्यंत पेडल दगडासारखं कडक. यवतेश्वरच्या घाटातून खाली येताना तर गंमतच झाली. अण्णांनी न्यूट्रल केलं, ब्रेकवरचा पाय काढला, आणि जीप भर उतारावर जागच्या जागी उभी राहिली. मागे एसटी येऊन हॉर्न वाजवत होती. ‘मिस्त्री, उतारावर गाडी ढकलायची वेळ माझ्यावर आली,’ अण्णा म्हणाले, ‘माणसं हसत होती की.’

गार गाडीत हा रोग सापडत नाही. म्हणून मी सरळ त्यांना शेजारी बसवून परत घाटात गेलो आणि मुद्दाम ब्रेक मारत राहिलो, गाडीने धरेपर्यंत. वर सपाट जागेत बाजूला घेतली. चाकांना दगड लावले, गिअर टाकला. मग पाण्याची बाटली घेऊन चारी ड्रमवर चार-चार थेंब टाकले. चारी ठिकाणी चर्रर्र झालं, सारखंच. एवढ्यावर अर्धी गाडी बाद होते. एकच चाक तापलं असतं तर त्या चाकाचं पोट उघडायचं: स्प्रिंग तुटली असेल, सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकला असेल, होज पाइप आतून सुजला असेल. तो होज बाहेरून टकटकीत दिसतो, पायाच्या जोराने ऑइल पुढे ढकलू देतो आणि स्प्रिंगच्या बळाला परत येऊ देत नाही. पण चारी चाकं सारखी तापली की दोष चौघांच्या सामाईक जागेत असतो, आणि या गाडीत ती एकच आहे. ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला बोल्टाने बांधलेला मास्टर सिलिंडर.

तरी खात्री केली. उजव्या पुढच्या चाकाचं निपल पान्याने पाव फेरा सैल केलं. ऑइलची पिचकारी उडाली आणि गिअर काढल्यावर चारी चाकं मोकळी. एक निपल सैल केल्यावर चारी सुटली म्हणजे मधल्या नळ्यांत, होजमध्ये कुठे बूच बसलेलं नाही. ऑइल परत यायला तयार आहे, त्याला वर घर मिळत नाही.

इथे मास्टरच्या आत काय चालतं ते सांगायला हवं, कारण हे ज्याला कळलं त्याला अर्धे ब्रेक कळले. मास्टरच्या टाकीच्या तळाला दोन भोकं असतात. एक मोठं, त्यातून ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. दुसरं इतकं बारीक की साफ करायला तार शोधावी लागते. पेडल सोडलं की पिस्टन मागे येतो, शेवटच्या केसभर अंतरात त्याच्या पुढचा रबर कप या बारीक भोकावरून सरकतो आणि भोक उघडं पडतं. ब्रेक मारून तापलेलं ऑइल फुगतं, ते फुगलेलं जास्तीचं ऑइल त्या भोकातून वर टाकीत जातं. पिस्टन ते केसभर अंतर मागे आला नाही तर भोक झाकलेलंच राहतं. फुगलेल्या ऑइलला जागा नाही, ते शूंना ड्रमवर दाबतं, शू घासून आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. पाय पेडलवर नसतानाही गाडी स्वतःच ब्रेक मारत राहते. ऑइल उकळलं तर त्यात वाफ होते आणि ब्रेक जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. डॉट-३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या आत उकळायला नको, ओलावा पिऊन जुनं झालं की १४० पर्यंत खाली येऊ शकतं. पण उकळण्याच्या कितीतरी आधी ते फुगतं, आणि वाट बंद असेल तर ब्रेक जायच्या ऐवजी धरतो.

भोक उघडं आहे का ते बघायला काही मशीन लागत नाही. टाकीचं झाकण काढायचं, बॅटरीचा उजेड टाकायचा आणि दुसऱ्याला पेडल अगदी हलकं, बोटाने दाबल्यासारखं दाबायला सांगायचं. भोक उघडं असेल तर कप त्याच्यावरून जायच्या आधी एक बारीक कारंजं उडतं, सुतासारखं. या गाडीत काहीच उडालं नाही. ऑइलचा पृष्ठभाग नुसता स्थिर.

भोकात कचरा असेल? पण मास्टर नवा, आणि त्याआधीच्या मास्टरलाही हाच रोग होता. मग मी ब्रेककडे बघायचं सोडून पेडलकडे बघायला लागलो. या जिपांचं पेडल वरून लटकत नाही, ते फरशीच्या पत्र्यातल्या खाचेतून खालून वर येतं. अण्णांच्या नव्या बॉडीला हौसेने जाड चेकर प्लेट घातलेली. तिच्यावर रबरी मॅट. मॅट उचलली. पेडलच्या दांड्याला जिथे खाच संपते, तिथे प्लेटच्या कडेवरचा नवा ऑलिव्ह रंग उडाला होता आणि खालचं लोखंड नखाएवढं चकाकत होतं. दांड्यालाही समोरासमोर तसाच चकाकता डाग. पेडल मागे येताना प्रत्येक वेळी तिथे आपटत होतं आणि तिथेच थांबत होतं. खाच जुन्या मापापेक्षा आखूड कापली गेली होती, बास.

मग प्रश्न उरला, आधीच्या तीन मिस्त्र्यांना हे दिसलं कसं नाही. त्याचं उत्तर मला फार आवडलं. मास्टरला हात घालायचा तर फरशीची ती प्लेट काढावी लागते. प्लेट काढली की पेडल बिनअडथळा मागे येतं, भोक उघडतं, ब्रेक शहाण्यासारखे वागतात. मिस्त्री पार्ट बदलतो, एअर काढतो, चाचणी घेतो, सगळं ठीक. मग प्लेट परत बसवतो, मॅट टाकतो, गाडी मालकाच्या हवाली. प्रत्येकाने गाडी बरी करूनच सोडली होती आणि शेवटचे सहा बोल्ट आवळताना प्रत्येकाने रोग परत आत घातला होता.

खडूने खूण केली, ग्राइंडरने खाच वाढवली, कानशीने कड गोल केली. पेडल टेकायला रबराचा तुकडा लावला. मग खाली आडवं होऊन रॉडचं लॉकनट सैल केलं आणि रॉड इतका आत घेतला की पेडल वरून अर्धा इंच नुसतं मोकळं हलतं, पिस्टनला न टेकता. हे अर्ध्या इंचाचं माप विलीजच्या जुन्या पुस्तकातलं आहे, माझं नाही. पुन्हा बॅटरी टाकली, अण्णांना पेडलला बोट लावायला सांगितलं, आणि सुतासारखं कारंजं उडून माझ्या चष्म्यावर आलं.

‘म्हंजे एवढा सगळा खर्च पत्र्यापायी?’ अण्णा म्हणाले.

‘पत्र्यापायी.’

‘त्या बॉडीवाल्याला...’ म्हणून त्यांनी पुढचं पोटात ठेवलं.

सगळ्या जाम ब्रेकांची गोष्ट इतकी सरळ नसते. ड्रम ब्रेकचा स्वभावच पकडखोर. पुढच्या बाजूचा शू फिरत्या ड्रमच्या दिशेने उघडतो, त्यामुळे एकदा टेकला की ड्रम त्याला आणखी आत ओढतो. पायाचा जोर कमी लागावा म्हणून ही रचना केलेली, आणि त्या काळी बूस्टर नसलेल्या गाडीला तिचाच आधार. पण लायनरवर सीलमधून गळलेलं ग्रीस आलं, किंवा सेटिंग तिरकं झालं, की तीच ओढ अंगलट येते. या नऊ इंची ब्रेकला खाली दोन अँकर पिना असतात, त्या मधोमध नसून जराशा एका अंगाला काढलेल्या. पाना लावून फिरवल्या की शूची टाच आतबाहेर होते. फिलर गेज घालून टाचेकडे पाच थाऊ, म्हणजे इंचाचे पाच हजारांश, वरच्या टोकाकडे आठ थाऊ ठेवायचं. आमच्याकडे बरेच जण वरचे बोल्ट फिरवून ‘जवळ घेतात’ आणि खालच्या पिनांना आयुष्यात पाना लागलेला नसतो. त्या गंजून अशा बसतात की पाना घसरतो, पिन हलत नाही. पिनेला डिझेल सोडून आदल्या दिवसापासून भिजवत ठेवायचं आणि घाई करायची नाही, एवढंच मी पोरांना सांगतो.

ऑइलचाही एक किस्सा वरचेवर घडतो. वाटेत ऑइल कमी झालं म्हणून कुणीतरी ट्रॅक्टरच्या दुकानातून ‘हायड्रॉलिकचं’ म्हणून डबा घेतो आणि टाकीत ओततो. दोन्ही ऑइलच, दोन्ही पातळ. पण ते खनिज तेल आणि ब्रेकचं ऑइल ग्लायकॉलचं. ब्रेकच्या रबराला खनिज तेल चालत नाही. कप फुगून मऊ होतात, मास्टरमधला कप फुगला की तो ते बारीक भोक सोडतच नाही, आणि मग पेडलचा अर्धा इंच, रॉड, खाच, सगळं बरोबर असूनही गाडी धरते. अशा गाडीचा जुना कप आणि नवा कप मी शेजारी शेजारी ठेवून मालकाला दाखवतो. जुना नव्याच्या वाटीत मावत नाही. मग नळ्या धुणं, सगळे रबर बदलणं, होजसुद्धा. त्यात काटकसर सांगणाऱ्या माणसाचं काम मी घेत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची खूण ४५ ची. शामरावनगर, स्टँडचा परिसर, कोल्हापूर रोड, सगळीकडे पाणी. पाणी उतरल्यावर माझे जुने जोडीदार मिस्त्री बोलावत होते म्हणून मी दोन पोरं घेऊन गेलो. गल्लीगल्लीत भिजलेल्या गाद्या, वह्या, फ्रीज रस्त्यावर, आणि त्या सगळ्यात गाड्या. मोटारसायकली जास्त. जिपाही होत्या, आणि त्यांची चाकं घट्ट.

‘हँडब्रेक ओढून ठेवला होता मामा, म्हणून धरल्यात,’ असं एक जण सांगायला लागला. जुन्या जिपेत हँडब्रेक चाकांना नसतोच. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर वेगळ्या छोट्या ड्रमला असतो. चाकं धरली होती ती गंजाने. लायनर ओला, ड्रम ओतीव लोखंडाचा, दोन्ही चिकटून दिवसचे दिवस पाण्यात. ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर लायनरच्या मापाचा गंज चढतो आणि दोघांना सांधून टाकतो. त्यावर कृष्णेचा गाळ, तो इतका मऊ की बोटांत साबणासारखा लागतो आणि वाळला की सिमेंट.

पुढचे ड्रम लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने चौफेर ठोकल्यावर सुटतात. मागच्यांना वेगळा नियम. या जिपेचा मागचा हब निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसवलेला असतो, त्याला पुलर लागतो. पुलर आवळून ताण द्यायचा, वर एक टोला मारायचा आणि सोडून द्यायचं. शाफ्टचा नट पूर्ण काढायचा नाही, चार आटे अडकवून ठेवायचा. का, ते माझ्या नव्या पोराला तिथेच कळलं. ताण दिलेला पुलर तसाच ठेवून आम्ही चहा घेत होतो आणि शेडमधून बार उडाल्यासारखा आवाज आला. हब सुटून नटावर येऊन अडकला होता. नट नसता तर भिंत गाठली असती.

आत बघायला नको अशी दशा. व्हील सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे, त्यात नखं अडकत होती. नवे सिलिंडर त्या आठवड्यात मिळेनात, सगळ्या शहरालाच पार्ट हवे होते. बरेचसे आम्ही कुपवाडला एका लेथवाल्याकडे नेले. त्याच्या शेडला पाणी लागलं नव्हतं. त्याने भोक मोठं करून आत पितळी स्लीव्ह बसवल्या. पितळेला गंज नाही. त्या गाड्या आजही त्याच सिलिंडरवर चालतात, आणि नवे मिळाले असते तर आतापर्यंत दुसऱ्यांदा बदलावे लागले असते, असं माझं मत आहे. लेथवाल्याने त्या कामाचे पैसे नेहमीपेक्षा कमी लावले. का, ते मी विचारलं नाही.

अलीकडे मला जास्त त्रास होतो तो पेडल वर हवं असणाऱ्यांचा. मोटारीची सवय झालेली पोरं. पाय टेकला की लागला पाहिजे, पहिला अर्धा इंच रिकामा गेला की त्यांना ब्रेक गेल्यासारखा वाटतो. परवा एक जण मेढ्याकडून आला. ‘काका, पेडल जरा वर घ्या ना.’ मी शू जवळ घेऊन दिले, रॉडला हात लावला नाही, आणि का लावला नाही ते कारंज्यासकट समजावून सांगितलं. त्याने मान हलवली. पंधरवड्याने फोन. गाडी रस्त्यात उभी, ढकलली तरी हलत नाही.

‘रॉड कुणी फिरवला?’

‘थोडासाच फिरवला काका. मीच.’

चाकांना दगड लावायला लावले, खाली शिरायला लावलं, लॉकनट कुठल्या बाजूला आहे ते सांगितलं. तो कण्हत-कुंथत आत घेत होता, मी फोन कानाला लावून बसलो होतो.

‘सुटली काका!’ तो ओरडला. मग जरा वेळाने, ‘पण पेडल परत खाली गेलं की.’